कान्याना कुणावर गेली

२ फेब्रुवारी २०१५, सोमवार

पोहोचले एकदाची! फोर्ट पोर्टलहून मोटारसायकलच्या मागे बसून, मांडीवर पिशवी, पिशवीत नवे गमबूट, आणि चहाच्या मळ्यांमधून येताना तोंडभर धूळ. आता अंघोळ करून खोपीच्या दारात बसले आहे आणि समोर जंगल आहे. इतकं हिरवं, की आमच्या शाळेच्या भिंतीला असा रंग दिला असता तर मुख्याध्यापकांनी रंगाऱ्याला हाकलून दिलं असतं.

नोकरी न्याकिटोमा छावणीत. काम म्हणजे चिंपांझींच्या मागे फिरायचं आणि लिहायचं. कोण कधी उठलं, काय खाल्लं, कुणाचं कुणाशी वाजलं, कोण खोकलं. चाळीस जणांनी अर्ज केले होते, घेतलं मला. हे पुन्हा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतंय: घेतलं मला. न्यांगोमाने अर्ज केला असता तर तिलाच घेतलं असतं, पण ती तेव्हा पोटुशी होती. देव कधीकधी धाकट्यांकडेही बघतो.

आम्ही जुळ्या. ती आधी आली म्हणून न्यांगोमा, मी पाऊण तासाने मागून आले म्हणून न्याकातो. आमच्याकडे जुळ्यांची नावं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे मी दुसरी आहे हे मला नाव सांगतानाच कबूल करावं लागतं.

जंगलात मात्र अजून सात दिवस जायचं नाही. नव्या माणसाने आधी छावणीपासून लांब, या कडेच्या खोपीत एकटं राहायचं. बगुमाकाकांनी, म्हणजे छावणीच्या मुख्यांनी, कारण समजावून सांगितलं. आपण दोनदा शिंकून विसरतो ती साधी सर्दी चिंपांझींना लागली तर ते मरतात. फार वर्षांपूर्वी एका सर्दीत इथले अकरा गेले, त्यातले सात काकांनी स्वतः पुरले. सांगताना ते माझ्याकडे नाही, आपल्या हातांकडे बघत होते. म्हणून तोंडाला सदा मास्क, आणि चिंपांझीपासून दहा मीटर लांब. दहा मीटर म्हणजे किती ते नजरेत बसावं म्हणून खोपीच्या दारापासून तेवढ्या अंतरावर पांढरे रंगवलेले दगड ओळीने मांडलेत. रोज सकाळी काका त्या दगडांपलीकडे उभे राहून विचारणार: झोप लागली? घसा? नाक? कुणा आजाऱ्याजवळ गेली होतीस? मी सांगेन ते वहीत उतरवणार. तपासणार काहीच नाहीत. म्हणाले, माझ्याकडे यंत्र नाही, तुझा शब्द आहे.

रात्रीला नाचणीचा गोळा आणि सोललेल्या घेवड्याचं फिरिंडा आलं, वर तुपाची धार. मी सुखात आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कुनिहिरा येऊन गेली. आली म्हणजे दगडांपलीकडून ओरडली. ती इथे चार वर्षं आहे, पुढे आम्ही एकाच खोलीत राहणार. आधी तिने माझा एम्पाको विचारला. बारा लाडक्या नावांतलं कोणतं माझ्या वाट्याला आलंय हे कळल्याशिवाय आमच्यात बोलणं सुरू होत नाही. नुसत्या नावाने हाक मारणारा एक तर पोलीस असतो, नाही तर भांडायला आलेला. माझा अद्येरी, तिचा अब्वोली. मग म्हणाली, अद्येरी गं, पायमोजे किती आणलेस? मी दोन म्हटलं. तिला इतकं हसू आलं की ती तिथेच गवतात बसली. जाऊन स्वतःचे चार जोड घेऊन आली आणि दगडांवरून माझ्याकडे फेकले.

चांगली आहे. चांगल्या माणसांचा मला जरा त्रासच होतो.

एकटीला बसून घरची आठवण येते. आई आम्हाला खोकल्यावरून ओळखायची. चेहरा एक, आवाज एक, पण न्यांगोमा खोकते ती एकदाच, स्वच्छ. मी दोन आखूड आणि मग एक लांब, ओढत नेलेला. आई म्हणायची, ही धाकटी खोकलासुद्धा सोडायला तयार नसते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जंगलातला पहिला दिवस. मांड्या दुखतायत, हाताला काटे, एका ओढ्यात बूट भरला. आणि तरी मी उद्याची वाट बघतेय, कारण आज मी कासेमिरेला पाहिलं.

कासेमिरे म्हणजे आमच्या भाषेत देखणी. नाव अगदी बरोबर ठेवलंय. उजव्या कानाला एक खाच, गाभण, पोट गुडघ्यांवर टेकवून उंबराखाली बसली होती. आम्ही दहा मीटरवर थांबलो. तिने मान वळवून कुनिहिराकडे पाहिलं, अगदी सावकाश, शेजारीण अंगणात आली की बघतात तसं. मग उठून दोन पावलं तिच्याच बाजूला सरकून बसली. नियमाप्रमाणे कुनिहिराच मागे हटली. मग त्या देखणीची नजर माझ्यावर आली, आणि तिने माझ्याकडे पाठ केली.

कुनिहिरा म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, माझ्याकडे बघायला तिला वर्ष लागलं. मी म्हटलं, छे गं, मी कशाला लावून घेऊ?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ दिवसांत नऊ पाठी.

इथली एक रीत आज कळली, बगुमाकाकांनी पाडलेली. छावणीतल्या ज्या माणसाने नवं पिल्लू पहिल्यांदा पाहिलं ते त्याची आत्या. आपल्या घरी बारशाला आत्या बाळाला मांडीवर घेतात, कान, नाक, कपाळ निरखतात, हे कुणावर गेलंय ते सांगतात आणि मग नाव ठरतं. इथे मांडीवर घ्यायला कोण देणार? म्हणून लांबून बघायचं, कुणावर गेलंय ते सांगायचं, नाव आणि एम्पाको द्यायचा. तेच नाव मग वहीत जातं, आणि जगभरची शिकलेली माणसं तेच म्हणतात. गेल्या तिन्ही पिल्लांची आत्या कोण? कुनिहिरा. कासेमिरेचं व्हायचंय त्याची कोण होणार? स्वयंपाकी तर आत्ताच तिला आत्याबाई म्हणून चिडवतो. ती लाजते. तिचं ते लाजणं माझ्या डोळ्यांत खुपतं.

इथे लिहायला काय हरकत आहे? माझ्या पोटात दुखतं. तिचं अक्षर चांगलं, तिला कोणतंही झाड ओळखता येतं, पावसात तिच्याच काड्या पेटतात. आणि माझ्याशी ती गोड वागते, त्यामुळे रागवायलाही धड जागा सापडत नाही. ते पिल्लू मला पहिल्यांदा दिसलं पाहिजे. एकदा तरी मी पहिली.

१ मार्च, रविवार

न्यांगोमाच्या मुलीचं बारसं. काकांनी दिवसापुरती रजा दिली. बाहेर मुक्काम केला तर परतल्यावर खोपीत सात दिवस. संध्याकाळच्या आत परतलं आणि कुणी आजारी भेटलं नसेल तर नाही.

मुलीच्या बापाच्या तिन्ही बहिणी चटईवर बसल्या होत्या. बाळाला एकीकडून दुसरीकडे देत होत्या. मी मावशी. मावशीला काय मान? चुलीपाशी बसून धुरावर सुकवलेल्या मांसाचा रस्सा ढवळत होते. आतून ऐकू आलं: नाक आईवर गेलंय, हनुवटी आईवर, अगदी न्यांगोमाच! सगळे हसले. मी पळी हातात घेऊन उभीच राहिले. न्यांगोमाचं नाक म्हणजे माझंच नाक. हनुवटी माझीच. पण एकीच्या तोंडून निघालं नाही की मावशीवर गेलंय.

निघताना बाळ पाच मिनिटं माझ्याकडे दिलं. नाक भरलेलं होतं, श्वास घेताना घरघर वाजत होतं. मी तोंड जवळ नेलं तशी माझ्या तोंडावरच शिंकलं. न्यांगोमा म्हणाली, कुठे बोलू नकोस हं. बारशाच्या दिवशी बाळाला आजारी म्हणायचं नसतं, हे मला काय माहीत नाही?

संध्याकाळी परत आले. काकांसाठी केळीच्या पानात बारशाचा वाटा बांधून आणला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तिथेच उभ्या उभ्या मांसाचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, बाळ कसं आहे? मी म्हटलं, ठणठणीत. त्या दिवशी याला दुसरं उत्तरच नसतं. मग त्यांनी वही काढली आणि तेच पुन्हा विचारलं, कुणी आजारी भेटलं का? तोंडातला शब्द अजून विरला नव्हता. मी म्हटलं, नाही काका, सगळे ठणठणीत.

खोपीत गेले असते तर सात दिवस. कासेमिरे आज-उद्यावर आहे.

४ मार्च, बुधवार

घसा खवखवतोय. धूळ असेल. आल्याचा चहा प्यायले, मिरची चावली. सकाळी काकांनी विचारलं, मी नाही म्हटलं.

पाण्याच्या टाकीमागे जाऊन खोकले. परत आले तर कुनिहिरा दारात. तिने विचारलं, अद्येरी, बरं नाही का तुला? मी म्हटलं, चुलीचा धूर गेला. तिने लगेच आपलं अंथरूण खिडकीपाशी घेतलं आणि मला धुरापासून लांबची जागा दिली. तिचं चांगलं वागणं मला एक दिवस मारून टाकणार आहे.

६ मार्च, शुक्रवार

मी पाहिलं! पहिल्यांदा मी!

सकाळी कासेमिरे सापडेना म्हणून आम्ही दोघी दोन वाटांनी गेलो. कुनिहिरा ओढ्याकडे, मी वरच्या अंगाला. एका वाकलेल्या झाडात खाली खाली फांद्या मोडून केलेलं घरटं दिसलं आणि घरट्यातून खाच पडलेला कान. मी थांबले. दहा मीटर. पण पानं मधे येत होती, आणि तिच्या छातीशी काहीतरी ओलं काळं हलत होतं. मी थोडी पुढे गेले, मग अजून थोडी. शेवटी चार मीटर असेल, कमीच असेल, जास्त नाही. मास्क घामाने आणि नाकातल्या पाण्याने चिंब झाला होता, श्वास येईना. मी तो खाली ओढला. पाहून घेईन आणि मागे जाईन म्हणून.

पिल्लू. मादी. गुलाबी चेहरा, आईच्या केसांत मुठी आवळलेल्या.

आणि तेव्हाच खोकला आला. हात तोंडाशी न्यायच्या आत आला. दोन आखूड, एक लांब.

कासेमिरेने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा. पाठ नाही केली. किती वेळ पाहत होती सांगता येत नाही. मग मी मागे आले, मास्क वर ओढला आणि ओरडले, दिसलं! कुनिहिरा चिखलातून धावत आली, आणि मला मिठी मारून रडली. आनंदाने. मला राग आला की तिला मत्सर कसा वाटत नाही.

नाव मी ठेवलं, कान्याना. एम्पाकोही मीच दिला, अद्येरी. माझाच. काकांनी विचारलं, आत्याबाई, कुणावर गेलंय? मी म्हटलं, लांबून कळलं नाही. सगळे हसले. आत्याच्या हाताने अंगणात उंबराचं रोप लावायचं ठरलं. खड्डा कुनिहिराने खणला.

९ मार्च, सोमवार

मी बरी झाले. नाक कोरडं.

सकाळी काकांनी विचारायच्या आधी कुनिहिराच पुढे झाली: काका, माझं नाक गळतंय, रात्रीपासून अंगही तापलंय, मला खोपीत पाठवा. काल संध्याकाळपर्यंत ती कासेमिरेमागे होती. तिने स्वतःच सांगितलं तेही. लिहून घ्या काका, म्हणाली.

काकांनी ते शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतलं.

जाताना तिने मला लांबून विचारलं, अद्येरी, तुझा खोकला धुराचाच होता ना गं? मी म्हटलं, हो. तिने मान डोलावली आणि गेली.

१३ मार्च, शुक्रवार

कान्यानाचं नाक वाहतंय. कासेमिरेही खोकतेय. म्हातारा एक नर झाडावर चढेना, खालीच बसून राहिला.

चिंपांझींच्या डॉक्टरीणबाई आल्या. काकांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं. म्हणाले, कुणाला आधी सर्दी झाली असेल तर आत्ता सांगा. मी ओरडणार नाही. खरं कळलं तर कुणापासून कुठे पसरलं ते शोधता येईल, बाकीच्या कळपांत जाणं थांबवता येईल. सांगा पोरांनो. मला पुन्हा पुरायला लावू नका.

तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. पण मग कान्याना माझी राहिली नसती. आत्या म्हणून माझं नाव वहीतून गेलं असतं, मी गेले असते, आणि कासेमिरे पुन्हा कुनिहिराची.

मी तोंड मिटलं. काका म्हणाले, म्हणजे मग कुनिहिराच. दुपारी तिला खोपीतूनच घरी पाठवलं, पुन्हा बोलावू तेव्हा ये म्हणून. तिने धुराबद्दल एक शब्द काढला नाही. पायमोज्यांचा आणखी एक जोड माझ्या उशाशी आहे तो घे, असा निरोप स्वयंपाक्याजवळ दिला.

कासेमिरेमागे जायचं काम आता माझं. मला हवं होतं तेच.

१७ मार्च, मंगळवार

म्हातारा गेला. एक तरणी मादीही गेली. पलीकडच्या कळपातही खोकला ऐकू येतो. तिकडे गेल्या आठवड्यात मीच दोन दिवस गेले होते.

कान्याना आज खोकली. इतकुशी छाती. आधी मला वाटलं चुकून तसं ऐकू आलं. मग पुन्हा. दोन आखूड, एक लांब. ओढत नेलेला.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, पिल्लांचा खोकला असाच असतो का? त्या म्हणाल्या, खोकला तो खोकला, त्यात असा-तसा काय?

२० मार्च, शुक्रवार

कान्याना गेली. सकाळी साडेनऊ. चौदा दिवसांची होऊन.

कासेमिरे तिला सोडत नाही. पाठीवर टाकून हिंडते. हात लोंबतो तो सारखा उचलून वर ठेवते.

आज कासेमिरेने माझ्याकडे तीनदा पाहिलं.

२३ मार्च, सोमवार

ती माझ्याकडे येते. दहा मीटरवर मी थांबते, ती उठून माझ्या बाजूला सरकते. मी मागे, ती पुढे. बरोबरचा गडी म्हणाला, वा, तुझ्यावर भारीच जीव बसलाय! मला बरं वाटलं. पाठीवर ते मेलेलं पोर, चामड्यासारखं सुकलेलं, आणि मला बरं वाटलं. मी कसली बाई आहे?

पिल्लाचं डोकं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे तोंड करून असतं. नेहमी माझ्याकडेच.

२५ मार्च, बुधवार

तिच्या तोंडात उंबरं होती. तोंड भरलेलं, चघळत होती. ओठ मिटलेले. हे मी नीट पाहिलं.

आणि खोकला आला. दोन आखूड, एक लांब. मी खोकले नाही. ती खोकली नाही. तिथे तिसरं कुणी—

गडी पुढे गेला होता. त्याने वळून मला विचारलं, काय गं, घसा धरलाय का?

२६ मार्च, गुरुवार

आज तिने ते खाली ठेवलं आणि खायला गेली. काकांनी आणि डॉक्टरीणबाईंनी लगेच उचललं, तपासायला थोडं घेतलं आणि बाकीचं अंगणात पुरलं. त्या उंबराच्या रोपाखाली, आत्याने लावलेल्या. माती मी लोटली. हातभर खोल. दाबून बसवली. सुटले.

२७ मार्च, शुक्रवार

रोप बाजूला पडलेलं. खड्डा उकरलेला, रिकामा. सगळे म्हणतात रानडुक्कर.

कासेमिरे वाटेवर बसली होती. पाठीवर ती. केसांत आमच्या अंगणातली लाल माती.

मी गड्याला म्हटलं, बघ. त्याने पाहिलं. म्हणाला, काय बघू?

२८ मार्च, शनिवार

सकाळी काका वही घेऊन आले. मी तोंड उघडायच्या आत खोकला वाजला. माझ्या मागून, भिंतीबाहेरून. काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, अद्येरी, केव्हापासून आहे हा?

मी नाही काका, मी खोकले नाही. ते म्हणाले, हा खोकला मी ओळखतो. महिन्याच्या सुरुवातीला टाकीमागे ऐकला होता. मला वाटलं स्वयंपाकी असेल.

मग त्यांनी वही मिटली. विचारलं, तुला काही सांगायचंय का पोरी? मी नाही म्हटलं. मला त्यांनी खोपीत पाठवलं.

२९ मार्च, रविवार

खोपी. दार. दगड. तेच सगळं. फेब्रुवारीत इथे बसून मी तूप खाल्लं होतं.

दुपारी, लख्ख उन्हात, ती जंगलातून बाहेर आली. चिंपांझी असं उघड्यावर येत नाही. पांढऱ्या दगडांच्या पलीकडे बसली. ते पोर पाठीवरून काढून मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघत राहिली.

दहा मीटर. तीही नियम पाळते.

३० मार्च, सोमवार, सकाळ

दगडांच्या अलीकडे बसली आहे. सात मीटर असेल. खोकला थांबत नाही. माझा नाही. माझा नाही!

३० मार्च, दुपार

कुनिहिरा आली होती. तिचं सामान न्यायला. मला बरं नाही असं कळलं म्हणून इकडे वळली, हातात फिरिंडाचं भांडं. दगडांपलीकडे थांबली. कासेमिरेला असं उघड्यावर बघून तिने मास्क वर ओढला आणि हळूच हाक मारली, कासेमिरे गं—

कासेमिरेने तिच्याकडे पाठ केली.

कुनिहिरा रडायला लागली. म्हणाली, बघ ना अद्येरी, पाठ मोकळी झाली तरी हात अजून तसाच मागे धरते, पोर असल्यासारखा. मग म्हणाली, माझ्यामुळे झालं हे सगळं. मी एक दिवस आधी सांगायला हवं होतं. मला झोप लागत नाही.

एवढं म्हणाली ती. मी तेव्हा सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. नाही सांगितलं. का? तर कासेमिरेने तिच्याकडे पाठ केली तेव्हा मला आनंद झाला. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मला तो अजून थोडा वेळ हवा होता.

कुनिहिरा भांडं दगडावर ठेवून गेली.

३१ मार्च, मंगळवार

चार मीटर. मी होते तेवढ्यावर.

काका सकाळी आले नाहीत. की मला ऐकू आलं नाही— खोकल्यात काही ऐकू येत नाही—

ताप आहे. हात गरम आहेत. म्हणजे हे तापातलं असेल. पण माती? उंबऱ्यावर लाल माती आहे. ती मी आणली नाही, मी उठलेच नाही.

न्यांगोमाला कळवा. बाळाला जपायला सांगा.

दुपार

उंबऱ्यात. सावली माझ्या पायांवर. कान खाच पडलेला. ती आली. कुनिहिराकडे नाही, माझ्याकडे आली, पहिल्यांदा मला—

तिने हात पुढे केलेत. दोन्ही. चटईवर बसून आईने आत्यांकडे द्यावं तसं. घे म्हणते.

बगुमाकाका, कुनिहिराला परत बोलवा. सर्दी तिने नाही आणली. ही वही पहिल्या पानापासून वाचा. बाळ ठणठणीत नव्हतं. मी—

मांडीवर घेतलंय. हलकं आहे. नाक सगळ्यांचं असतं तसं, कपाळ सगळ्यांचं— तोंड उघडलं—

दोन आखूड—

कासेमिरे वाट बघतेय. आत्याने सांगायचं असतं कुणावर गेलंय ते. सांगितल्याशिवाय ती जाणार नाही. सांगते. सांगते गं. ही न्यांगोमावर नाही, कुनिहिरावर नाही, ही माझ्याव—